उत्तरेच्या फांदीवरचा झोका

साडेपाचची शिट्टी झाली तेव्हा जागृती माडीवर आईशी फोनवर बोलत होती. ठेवते गं, आबांची हजेरी आहे, ती म्हणाली. सासरे सुनांना रोज संध्याकाळी लगोरी खेळायला लावतात हे तिने आईला चारदा समजावलं होतं, पण जळगावात बसून ते आईच्या गळी उतरत नव्हतं. लग्नाला जेमतेम अडीच महिने झालेले, त्यात पाडव्याला चार दिवस म्हणून नाशिकहून शिरपूरकडच्या या खेड्यात आलेली पोर इथेच अडकलेली. आपल्याला बरं वाटावं म्हणून ती काहीबाही रचून सांगते, अशी आईची खात्री झाली होती.

रचलेलं काही नव्हतं. टाळेबंदीचे पहिले दोन आठवडे पाटलांच्या घराने कसेबसे काढले. तिसऱ्यात अमृत आणि प्रेमराज, एक चाळिशीतला आणि एक तिशीतला, मोबाइलच्या चार्जरवरून असे भांडले की दोघे सख्खे भाऊ एका पंगतीला बसेनात. त्याच दिवशी झुलालआबांनी ज्वारीवरची पाखरं हाकलायची जुनी शिट्टी शोधून काढली, अंगणाच्या फाटकाला आतून कडी घातली आणि फर्मान काढलं, की रोज साडेपाचला घरातल्या प्रत्येकाने बाहेर यायचं आणि दिवे लागेपर्यंत खेळायचं. बायकांनीसुद्धा.

"फाटक बंद शे," आबा म्हणाले. "कोनी येस नही, कोनी देखस नही. मंग लाज कसानी?"

थोरली सून रूपा पंधरा वर्षांत सासऱ्यापुढे कधी धावली नव्हती. पहिल्या दिवशी तिने एका हाताने डोक्यावरचा पदर धरून दुसऱ्या हाताने चेंडू टाकला आणि सातही खापऱ्या उडवल्या. चौथ्या दिवशी पदर कमरेला गेला. सासूबाई, म्हणजे प्रमिलाबाई, ओट्यावर बसून पंच झाल्या, कारण अमृत सहाच खापऱ्या रचून सात म्हणायचा आणि ही लबाडी त्याच्या लहानपणापासून फक्त आईलाच पकडता येत होती. आजी आपल्या बापाला कान धरून खेळाबाहेर काढते, या गमतीपुढे दहा वर्षांच्या पूर्वाला टीव्ही फिका वाटू लागला. चार्जरचं भांडण कधी मिटलं ते भावांच्या लक्षातही आलं नाही.

त्या बुधवारी मात्र जागृती खेळली ती नावाला. चेंडू पायाजवळून गेला तरी ती वाकली नाही. रूपाने ते पाहिलं आणि मोरीवर भांडी घासताना सरळच विचारलं. जागृतीने आधी टाळाटाळ केली, मग सगळं सांगून टाकलं. रविवारी आखाजी होती, लग्नानंतरची तिची पहिलीच. तिचा भाऊ हितेंद्र मुराळी होऊन तिला न्यायला येणार होता, पण जिल्ह्याची हद्द बंद, पास कोणाला मिळत नव्हता. शेवटी त्याने टरबुजांचा एक टेम्पो ठरवला होता. रविवारी पहाटे तो फाट्यावर थांबणार आणि टरबुजांच्या मागे बसून ती जळगावला जाणार. नवऱ्याला, प्रेमराजला, तिने यातलं काही सांगितलं नव्हतं.

"वहिनी, मी भांडून जात नाहीये," जागृती म्हणाली. "मला आमच्या दारच्या झोक्यावर एकदा बसायचंय फक्त."

रूपा ताट घासत राहिली. चोपड्याच्या अलीकडच्या नाक्यावर गाड्या कशा उघडून तपासतात आणि सापडलेल्या माणसांना चौदा दिवस शाळेच्या वर्गात कसं ठेवतात, हे तिने ऐकलं होतं. पण ते सांगून ही पोर थांबली असती असं तिला वाटेना. स्वतःच्या पहिल्या आखाजीला माहेरचा, देवपूरचा भाऊ यायला दुपार झाली, तर सकाळपासून तिने पाण्याचा घोट घेतला नव्हता. तिने हात धुतले आणि गोष्ट सासूबाईंच्या कानावर घातली.

प्रमिलाबाई ओट्यावर पुरणपोळीचे गहू निवडत होत्या. ऐकताना त्यांचा हात सुपात थांबला.

खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकींचा सण. सासरच्या सगळ्या बायका त्या दिवशी माहेरी असतात, दारोदारी कडुनिंबाला झोके बांधतात आणि दोन दिवस लेकीला कोणी काम सांगत नाही. या घरचा रिवाज असा, की रावेरला दिलेली लेक कोकिळा यायची त्याच दिवशी रूपा देवपूरला जायची. नणंद-भावजया पंधरा वर्षं फाटकातच भेटत होत्या. एकीची पिशवी आत, दुसरीची बाहेर. त्यामुळे अंगणातल्या निंबाचा झोका हा कोकिळेचा झोका. या घरच्या सुनेने त्यावर बसायचा प्रसंगच कधी आला नव्हता. आणि यंदा रावेरची वाट बंद झाल्यावर कोकिळा फोनवर इतकी रडली, की प्रमिलाबाईंनी तिला शब्द दिला, तू येईपर्यंत दोर पेटीतून बाहेर निघणार नाही.

"लेकले शबद दिन्हा शे मी," त्या रूपाला म्हणाल्या. "आते सूनले काय सांगू? पहिली आखाजी शे तिनी."

कोकिळाताईंना विचारून बघा, असं रूपाने सुचवलं. प्रमिलाबाईंनी मान हलवली. विचारलं तर ती हो म्हणेल आणि मग कोपऱ्यात बसून रडेल. लेक दूर असली की तिच्याकडे काही मागायचं म्हणजे तिच्या हातून काढून घेण्यासारखंच, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

निंबाखालच्या बाजेवर आबा डोळे मिटून पडले होते. ते झोपलेत असं दोघींना वाटत होतं. ते डोळे न उघडता म्हणाले, "मी मुराळी धाडसू."

आबांचा बेत असा होता. मागच्या अंगणातली कापसाची खोली यंदा रिकामी होती. ती खोली म्हणजे दोन्ही सुनांचं माहेर. अमृतने जागृतीचा भाऊ व्हायचं, प्रेमराजने रूपाचा. बैलगाडी जुंपून दोघांनी बहिणींना रीतसर न्यायला यायचं. पुढच्या दारी प्रमिलाबाईंनी सासू होऊन आढेवेढे घ्यायचे आणि मागच्या दारी आई होऊन लेकींना जवळ घ्यायचं. दोन दिवस स्वयंपाक पुरुषांचा. हे शेवटचं कलम ऐकून अमृत उठून उभा राहिला, पण आबांनी शिट्टी तोंडाशी नेल्यावर परत खाली बसला.

गुरुवारपासून घरात लगीनघाई सुरू झाली. कापसाची खोली सारवली, प्रेमराजने नाशिकच्या साहेबाशी फोनवर बोलता बोलता टाकीवर बसून पताका कापल्या. जागृतीला हे सगळं बघून हसू येई आणि लगेच वाईटही वाटे, कारण फाट्यावरचा टेम्पो तिने अजून सोडला नव्हता. खेळातलं माहेर ते खेळातलं, असं ती मनाला सांगत होती. शुक्रवारी पूर्वाने सगळ्यांसमोर विचारलं, माहेर झालं, मुराळी झाले, पण झोका कुठंय? प्रमिलाबाई सूप उचलून आत गेल्या.

घोळ केला तो अमृतने. मनाने चांगला, पण एखादी गोष्ट विचारून करावी हे त्याच्या स्वभावातच नव्हतं. झोका बांधायचा नाही, दोर उंदरांनी खाल्लाय का तेवढं बघू, असं स्वतःशीच ठरवून त्याने पेटी उघडली, दोर काढला आणि ताणून बघायला निंबावर टाकला. तोही नेहमीच्याच उत्तरेच्या फांदीवर, आणि नेहमीसारखं कुरकुरत. ती फांदी उंच, तिला शिडी लागते, झोका घेणाऱ्याचे पाय गोठ्याच्या पत्र्याला लागतात की काय असं वाटतं, आणि पलीकडे पूर्वेची फांदी चांगली बुटकी, सावलीची. दर वर्षी तो हे बोलायचा आणि दर वर्षी आबा म्हणायचे, तीच फांदी. नेमक्या त्या वेळी पूर्वाने मुराळ्याचा फेटा दाखवायला आत्याला व्हिडिओ लावला.

फेट्याच्या मागे दोर लोंबत होता. कोकिळेने तो बघितला. छान दिसतोय फेटा, असं ती भाचीला म्हणाली आणि फोन बंद झाला. प्रमिलाबाईंनी त्यानंतर सात वेळा फोन लावला, तो कोणी उचलला नाही. त्यांनी स्वतः दोर गुंडाळला, पेटीत ठेवला आणि पेटीवर बसून राहिल्या. माडीच्या खिडकीतून जागृतीने हे सगळं पाहिलं. आपल्यामुळे माय-लेकींत वितुष्ट आलं, आता तर इथून गेलेलंच बरं, असं तिच्या मनाने घेतलं. तिने हितेंद्रला कळवलं, रविवारी पहाटे नक्की.

*

रावेरला कोकिळेच्या दारावरून केळीचे ट्रक चालले होते. केळ्यांना पास होता, केळी थेट दिल्लीला जात होती. आपल्याला शिरपूरला जायला मिळत नाही आणि केळी दिल्लीला जातात, याचा तिला दोन दिवसांपासून राग येत होता. आता त्यात आईच्या रागाची भर पडली. दोर काढायचा होता तर शब्द कशाला दिला? तिने शनिवारी सकाळी भाकरी थापल्या त्या अशा की शेजारीण भिंतीवरून डोकावली.

सासूबाई कमलबाईंच्या ते ध्यानात आलं होतं. त्याही काही सुखात नव्हत्या. त्यांची लेक बऱ्हाणपूरला दिली होती, म्हणजे हाकेच्या अंतरावर, पण मध्ये राज्याची हद्द. कोणी येणार नाही हे माहीत असूनही सासऱ्यांनी सवयीने परसातल्या आंब्याला झोका बांधला होता. तो सकाळपासून वाऱ्याने एकटाच हलत होता.

"बस व बाई त्याच्यावर," कमलबाई म्हणाल्या. "रिकामा हालून राह्यला, बरा नाही दिसत."

कोकिळा म्हणाली, तो ताईंचा झोका आहे.

"ती कुठी येऊन राह्यली? तू बस."

कोकिळा बसली. सासूने मागून दोनदा हात दिला. या घरात येऊन तिला सोळा वर्षं झाली होती आणि या झोक्यावरून पलीकडच्या केळीच्या बागा दिसतात हे तिला आज कळलं. ते फार छान दिसत होतं. मग का कोण जाणे, ती आपल्या आईला झोक्यावर आठवायला लागली. झोका देणारी आई आठवली, रसाची वाटी घेऊन मागे धावणारी आठवली, दोराच्या गाठीला तेल लावणारी आठवली. झोक्यावर बसलेली काही केल्या आठवेना. एक आखाजी, एक दुपार, काहीच नाही. ती पाय टेकवून उतरली, पदराला डोळे पुसले आणि फोन लावला. आईला नव्हे, रूपाला. सणावारी निरोपापलीकडे रूपाला तिने आपणहून कधी फोन केला नव्हता.

रूपा धास्तावूनच बोलली. अमृतचा दोष नाही, आईंनी दोर परत ठेवलाय, असं ती घाईघाईने सांगू लागली. कोकिळेने तिला थांबवलं आणि जागृतीबद्दल विचारलं. मग रूपाने टेम्पोसकट सगळं सांगितलं. कोकिळेने हलणाऱ्या झोक्याचा दोर हाताने थांबवला.

"वहिनी, झोका बांधा," ती म्हणाली. "मना झोका शे, मी सांगस. पन पहिले माय बसी. मंग तुम्ही दोन्ही."

आपण दोघी पंधरा वर्षं फाटकातच भेटलो, असं रूपाच्या तोंडून निघून गेलं. कोकिळा हसली. पुढल्या वर्षी तू एक दिवस उशिरा जा, मी एक दिवस लवकर येते, ती म्हणाली. फोन ठेवल्यावर रूपा चुलीपुढे उगाच बसून राहिली.

*

शनिवारी साडेपाचला शिट्टी झाली आणि मुराळी आले. बाहेर पोलिसांची गाडी फिरत होती म्हणून बैलगाडीने अंगणातच निंबाला तीन फेऱ्या घातल्या. तेवढ्याने जळगाव आलं असं धरायचं होतं. प्रेमराजने आपलं काम झटक्यात उरकलं. दिराने भावजयीला बहीण म्हणायला फार काही लागत नाही. पंचाईत अमृतची होती. नव्या भावजयीशी मोठ्या दिराने समोरासमोर बोलायची या घरात पद्धत नाही. अडीच महिन्यांत तो तिला उद्देशून जे काही बोलला ते पूर्वाच्या मार्फत. तो फेटा सावरत ओट्यापाशी आला, आईने दिलेलं पाणी प्याला आणि ठरलेलं वाक्य विसरला.

प्रमिलाबाईंनी सासूचे आढेवेढे सुरू केले. गहू पडलेत, कुरडया राहिल्यात, आता कशी पाठवू. खरं तर त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. रूपाने त्यांना कोकिळेच्या फोनचं अजून सांगितलं नव्हतं, ते उद्यासाठी राखून ठेवलं होतं. अमृतने एकदा आईकडे पाहिलं, एकदा जमिनीकडे, आणि मग सरळ जागृतीकडे.

"बहीनले लेवाले उनू मी," तो म्हणाला. त्याचा आवाज एवढा जड झाला की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

जागृती हसायला गेली आणि रडायला लागली. सगळ्यांच्या देखत रडली, आणि कोणी तिला गप्प करायला गेलं नाही. गाडीत चढण्याआधी तिने मोबाइल काढून हितेंद्रला लिहिलं, टेम्पो नको, मला मुराळी आला. ते वाचून जळगावच्या घरात काय गोंधळ उडाला असेल, याची तिला नंतर काळजी वाटली. प्रेमराजला तिने त्याच संध्याकाळी टेम्पोचं सांगितलं. मला का नाही बोललीस, असं तो रुसून म्हणाला, आणि मग कापसाच्या खोलीबाहेर बसून तिच्यासाठी चिंचा सोलत राहिला.

रविवारी पुरुषांनी खापरावर पुरणपोळ्या केल्या. निम्म्या फाटल्या, त्या रसात बुडवून खाल्ल्या म्हणजे फाटलेलं कळत नाही असा प्रेमराजने शोध लावला. दुपार उतरल्यावर आबा स्वतः शिडी लावून निंबावर चढले. पेटीतला दोर बाहेर कसा आला म्हणून प्रमिलाबाई कासावीस झाल्या. रूपाने त्यांच्यापुढे मोबाइल धरला, त्यात कोकिळा होती.

"माय, बस," कोकिळा म्हणाली.

प्रमिलाबाईंचा जीव भांड्यात पडला, पण त्या बसायला तयार होईनात. या वयात शोभतं का, पाय दुखतात, आधी जागृतीला बसवा, असं सगळं झालं.

"झोका लेकनाच शे," त्या शेवटी म्हणाल्या.

"तू कोनी लेक नही का व माय?"

डोंगराच्या पायथ्याशी आंबेखोरं हे प्रमिलाबाईंचं माहेर. भाऊ शालिग्राम होता तोवर आखाजीचा मुराळी चुकला नाही. तो गेला त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. त्यानंतर आंबेखोऱ्याहून कोणी न्यायला आलं नाही आणि त्यांनीही कधी विषय काढला नाही. कोकिळा तेव्हा सात वर्षांची होती. त्या वर्षी आबांनी पहिल्यांदा या अंगणात झोका बांधला, आणि लेकीला झोके देता देता आईची आखाजी साजरी होत राहिली.

त्या बसल्या. दोर दोन्ही हातांनी घट्ट धरला, पण पाय जमिनीवरच. मागून एका बाजूला रूपा, एका बाजूला जागृती. पहिल्या झोक्याला पाय फरफटले, दुसऱ्याला उचलले. अमृत नेहमीप्रमाणे म्हणाला, पूर्वेची फांदी असती तर मायला भीती वाटली नसती. आबा शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत उभे राहिले.

चौथ्या झोक्याला प्रमिलाबाई गोठ्याच्या पत्र्याहून वर गेल्या. खालून, ओट्यावरून तो पत्रा आणि त्यामागची कापसाच्या पऱ्हाटीची गंजी आड येते, माडीवरून निंबाचा पसारा. झोका वर गेला की ते सगळं खाली राहतं, आणि मोकळं शिवार ओलांडून नजर थेट सातपुड्याला भिडते. तिथे एका टेकडीवर पांढरं देऊळ होतं, नखाएवढं. त्याच्या पायथ्याशी कौलांचा तांबडा पट्टा.

झोका खाली आला, पुन्हा वर गेला. तिसऱ्या वेळी त्यांची खात्री पटली.

"आठून आंबेखोरं दिखस," त्या म्हणाल्या.

अमृत फांदीकडे बघू लागला. प्रमिलाबाईंनी झोका थांबवला नाही, पण वर-खाली होताना त्यांची नजर आता आबांवरच होती.

"म्हनीसन ही फांदी?" त्यांनी विचारलं. "अठ्ठावीस साल माले सांगं का नही तुम्ही?"

आबांनी शिट्टी खिशात टाकली, परत काढली. नातीसमोर, सुनांसमोर त्यांना असं धरल्यासारखं कधी झालं नव्हतं.

"माले वाटनं," ते म्हणाले, "एखाद साल तू बसशी."

मोबाइलमधून कोकिळा विचारत होती, काय झालं, काय म्हणाले आबा, मला कोणी सांगा. पूर्वाने फोन उचलून आत्याला डोंगराकडे फिरवला, पण जमिनीवरून तिला गोठाच दिसला. जागृतीचे हात थांबले होते. आता आई उतरतील आणि आपली पाळी येईल, असं तिला वाटलं. प्रमिलाबाईंनी मान मागे वळवली. त्यांचे डोळे भरले होते आणि त्या हसत होत्या.

"आनखी जोरमा दे व बेटी," त्या म्हणाल्या. "मना भाऊनं घर दिखाले जोयजे."

दोघी सुनांनी चार पावलं मागे जाऊन, पदर खोचून, सगळ्या जोराने झोका दिला.